जूनचा मांडव, मार्गशीर्षातला बांबू: निवडीपासून बांधणीपर्यंत

दोडक्याचा मांडव पहिल्याच मोठ्या पावसात बसतो. सोप्यावरच्या बांबूच्या पडद्यातून पिवळसर भुकटी गळत राहते. कुंपणाचा खांब जमिनीलगत कुजून हातात येतो. लोक म्हणतात, बांबूच वाईट निघाला, नाहीतर औषध कमी पडले. मी आधी एवढेच विचारतो, "तोडला कधी?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते: मे महिन्यात, पाऊस तोंडावर आल्यावर, घाईघाईने.

खरी चूक तिथेच होते. जूनला उभा करायचा मांडव मार्गशीर्ष-पौषातच हाती घ्यावा लागतो. तोडल्यापासून बांधेपर्यंतच्या या मधल्या महिन्यांत बांबू टिकाऊ होतो किंवा वाया जातो. पुढचे टप्पे याच क्रमाने करा.

सुरुवातीला जमिनीचे कागद

२०१७ साली भारतीय वन कायदा, १९२७ मध्ये दुरुस्ती होऊन बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला. वनाबाहेरच्या खासगी जमिनीतल्या बांबूला त्या कायद्यात आता झाडाचा नियम लागत नाही. वनक्षेत्रातल्या बांबूला ही मोकळीक नाही, आणि गोव्यातल्या म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांच्या हद्दीत कोयता घेऊन शिरूच नये. सत्तरी, सांगे, काणकोण भागांत परसू, म्हणजे घराची परसबाग, कुठे संपते आणि वन कुठे लागते हे कागदावर पाहून घ्या. शंका असेल तर वन खात्याच्या कार्यालयात विचारून मगच तोडा.

टप्पा १: काम ठरवा, मग काठी

"दहा बांबू आणले आहेत, यांचे काय करता येईल?" असा उलटा विचार करू नका. काम कोणते त्यावर जात ठरते, आणि काठीचा कोणता भाग लागेल तेही ठरते.

माणग्याला काटे नसतात, काठी सरळ वाढते आणि बुंध्याकडे जवळजवळ भरीव असते. मांडवाचे खांब, शिडी, आंबे-नारळ काढायची आकडी, अवजारांचे दांडे यांसाठी तोच घ्यावा. मेसही भरीव असतो, पण त्यातल्या सरळ काठ्या निवडून घ्याव्या लागतात. काटेरी कळक उंच, जाड आणि पोकळ असतो. पाण्याच्या पन्हळी आणि मोठे खांब त्याचे करावेत. बारीक चिवार कुंपणाला आणि वेलांच्या आधाराला पुरतो.

एका काठीचे तीन भाग धरा. खालचा तिसरा हिस्सा खांबांना. मधला आडव्या काठ्यांना आणि चिरून कांबटी काढायला. शेंडा टोमॅटो-मिरचीच्या आधाराला. कळकाच्या काटेरी फांद्या फेकू नका. नव्या कलमाभोवती त्या रोवल्या की गुरे तोंड लावत नाहीत.

टप्पा २: काठीचे वय ओळखा

बांबू पहिल्या पावसाळ्यातच पूर्ण उंची गाठतो. पुढे तो उंचही होत नाही आणि जाडही. त्यामुळे उंच आणि जाड दिसला की लोक त्याला पक्व समजतात आणि कोवळी काठी तोडतात. घट्टपणा यायला तीन वर्षे तरी लागतात.

पहिल्या वर्षाची काठी चकचकीत हिरवी असते, पेरांवर पांढरी भुकटी असते आणि खालच्या गाठींना वाळलेली आवरणे चिकटलेली असतात. ती आवरणे उघड्या हाताने ओढू नका, त्यांची बारीक कुसे कातडीत रुतून खाज सुटते. दुसऱ्या वर्षी आवरणे गळतात, पण रंग अजून ताजा असतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हिरवेपणा मळकट, पिवळसर होतो, गाठींजवळ दगडफुलासारखे ठिपके चढतात आणि बाजूच्या फांद्या पुऱ्या भरतात. तोडायची ती हीच काठी. त्यानंतर रंग करडा होत जातो आणि काठी ठिसूळ होऊ लागते.

सूप-टोपली विणणाऱ्यांची गरज वेगळी. त्यांना लवचिक कांब हवी असल्याने ते याहून कोवळी काठी मागतात. ते माप मांडवाच्या खांबाला लावू नका.

तपासणी: कोयत्याच्या पाठीने काठीवर टकटक करा. कोवळी बद्द वाजते, पक्व काठीचा आवाज खणखणीत येतो.

दर दसऱ्याला त्या वर्षी आलेल्या नव्या काठ्यांवर ऑइल पेंटचा पट्टा मारून ठेवा, दर वर्षी वेगळ्या रंगाचा. तीन वर्षांनी अंदाज बांधावा लागणार नाही. घरी बांबूचे बेट असूनही हे करणारे थोडेच, याचे मला नेहमी वाईट वाटते. डबाभर रंगात सगळे बेट शिस्तीत येते.

टप्पा ३: तोड

दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर हा काळ धरा. उन्हाळ्यात, कोंब फुटण्याआधी, काठीत पिष्ट म्हणजे स्टार्च भरपूर साठलेला असतो, आणि बांबू पोखरणारा बारीक भुंगेरा त्याच स्टार्चसाठी येतो. मे महिन्यातल्या बांबूतून भुकटी गळते ती यामुळे. पावसाळ्यात तोडाल तर काठीत पाणी जास्त असतेच, शिवाय बेटात फिरताना नवे कोंब मोडतात. म्हणजे तीन वर्षांनंतरच्या काठ्या आजच गेल्या.

बांबू काळोखात, म्हणजे कृष्णपक्षात, तोडावा असे जुने लोक सांगतात. पाळायचे तर जरूर पाळा. पण वैशाखातली अमावास्या साधण्यापेक्षा मार्गशीर्षातली पौर्णिमा परवडली.

नव्या काठ्या बेटाच्या कडेने येतात, जुन्या मध्यभागी राहतात. म्हणून बेटाच्या एका बाजूने, घोड्याच्या नालेच्या आकारात वाट मोकळी करून आतल्या पक्व काठ्या तोडा. हाताशी येते म्हणून कडेची तोडणे सोपे असते, पण त्याने बेट मरते. त्या वर्षी जितक्या नव्या काठ्या आल्या, निदान तितक्या जुन्या उभ्या ठेवा. नव्या काठ्यांना आधार आणि अन्न त्यांच्याकडूनच मिळते.

काप जमिनीपासून वीतभर वर, गाठीच्या लगेच वरच्या बाजूला घ्या. गाठीपासून लांब, पेराच्या मध्यावर कापले तर खुंटाची वाटी होते. तिच्यात पावसाचे पाणी साचून खुंट कुजतो आणि डासांची पैदास होते.

सावधान: बेटात हात घालण्याआधी लांब काठीने फांद्या हलवा, पाचोळा चाळवा. हिरवा चापडा हा साप विषारी आहे आणि बांबूच्या पानांत तो चटकन दिसत नाही. पायात बूट, हातात जाड मोजे हवेतच. वाकून अडकलेली काठी ताणाखाली असते, कापताच उसळून तोंडावर येते. तिच्या वाकाच्या बाजूला उभे राहू नका.

खांबांसाठीची काठी तोडल्यावर लगेच फांद्या छाटू नका. पानांसकट, बुंधा दगडावर टेकवून, आठ-दहा दिवस बेटालाच उभी टेकून ठेवा. पाने काठीतले पाणी ओढून घेतात आणि थोडा स्टार्चही उतरतो. चिरायच्या किंवा औषधात बुडवायच्या काठ्या मात्र ओल्याच न्याव्या लागतात.

टप्पा ४: चिरणे, ओले असतानाच

कांबटी हव्या असतील तर वाळण्याआधी चिरा. वाळलेला बांबू चिरताना कोयता निसटतो आणि कांब मध्येच तुटते.

चीर शेंड्याच्या बाजूने सुरू करा. काठी भिंतीला टेकवून कोयता बरोबर मध्यावर ठेवा, वरून लाकडी मोगरीने ठोका आणि दोन-तीन गाठी फुटेपर्यंत हळू जा. पुढे फटीत लाकडाची पाचर घालून काठी हाताने उकलत न्या. चीर एका बाजूला सरकू लागली की नवखा माणूस बारीक झालेली बाजू ओढतो, आणि ती तिथेच संपते. जाड राहिलेली बाजू जास्त वाकवा, चीर तिच्याकडे वळते आणि परत मध्यावर येते. हे एकदा हाताला कळले की कांबटी अखंड निघतात.

चिरलेल्या कडेने कातडी खोलवर कापते. प्रत्येक कांबटीच्या दोन्ही कडा कोयत्याने ओढून बोथट करून मगच बाजूला ठेवा. आकाशकंदील, नाताळचा तारा, दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याच्या हातापायांचा सांगाडा यांना मधल्या भागातल्या बोटभर रुंद कांबटी लागतात. वाकवताना सालीची बाजू बाहेर ठेवा, म्हणजे त्या मोडत नाहीत.

टप्पा ५: व्हाळात भिजवणे

बिनखर्चाचा आणि बहुतेक घरकामाला पुरणारा उपाय हाच. वाहत्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, किंवा कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) पाटाजवळच्या डबक्यात काठ्या पूर्ण बुडवून वर दगड ठेवा. अर्धवट बुडालेल्या काठीवर पाण्याच्या रेषेशी काळी बुरशी धरते. तीन ते चार आठवडे ठेवा. डबक्यातले पाणी साचलेले असेल तर मध्ये एक-दोनदा बदला. वास येतो, तो येणारच. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या झऱ्याजवळ किंवा विहिरीला लागून हे करू नका.

तपासणी: औषधाच्या दुकानातून आयोडीनचे टिंक्चर आणा. भिजवण्याआधी एका काठीचा पातळ तुकडा कापून ताज्या कापावर एक थेंब टाका आणि रंग पाहून ठेवा. गडद निळा-काळा म्हणजे स्टार्च भरपूर. भिजवून झाल्यावर त्याच काठीच्या नव्या कापावर पुन्हा थेंब टाका. डाग फिका, तपकिरी राहिला तर काठ्या काढा. अजून काळा पडत असेल तर आणखी आठवडाभर राहू द्या.

भिजवल्याने भुंगेऱ्याचे खाद्य कमी होते, एवढेच. वाळवी आणि कूज यांना त्याने आळा बसत नाही, त्यांचा बंदोबस्त बांधणीत करायचा.

टप्पा ६: टाकणखाराचे औषध, फक्त छपराखालच्या कामाला

पडदे, फर्निचर, माळा, आतली आढी अशा वर्षानुवर्षे राहणाऱ्या कामांसाठी व्हाळाऐवजी हा मार्ग घ्या. ५० लिटर पाण्यात दीड किलो टाकणखार म्हणजे बोरॅक्स आणि एक किलो बोरिक ॲसिड. दोन्ही आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून मग उरलेल्या पाण्यात मिसळा. लांबट खड्डा खणून त्यात अखंड ताडपत्री अंथरली की हौद तयार होतो.

अख्खी काठी नुसती बुडवून काही होत नाही. बांबूची साल पाणी आत घेत नाही आणि प्रत्येक गाठीत आडपडदा असतो. लांब लोखंडी सळईने काठीच्या आतून सगळे पडदे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भेदा. मग काठी तिरपी धरून द्रावणात सोडा, म्हणजे आतली हवा निघून जाईल. बुडबुडे थांबले की वर वजन ठेवा. ओल्या अख्ख्या काठ्यांना दहा ते चौदा दिवस, कांबटींना चार-पाच दिवस.

सावधान: हे मीठ पाण्यात विरघळते, म्हणून पावसात धुऊन जाते. उघड्यावरच्या मांडवाला किंवा कुंपणाला हे औषध देणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. हातमोजे वापरा, मुले आणि गुरे लांब ठेवा. उरलेले द्रावण विहिरीजवळ, व्हाळात किंवा झाडांच्या मुळाशी ओतू नका, जास्त बोरॉनने झाडे करपतात. झाकून ठेवले तर पुढच्या खेपेला वापरता येते.

टप्पा ७: सुकवणे

सावलीत आणि उभे. या दोनपैकी एक चुकले तरी आधीची मेहनत फुकट जाते. मार्चच्या उन्हात पसरलेली काठी पटकन वाळते खरी, पण तिला लांबलचक भेगा पडतात. जमिनीवर आडवी रचली तर खालच्या थराला बुरशी आणि वाळवी लागते. गोठ्याच्या किंवा पडवीच्या भिंतीला, बुंध्याखाली चिऱ्याचे तुकडे ठेवून, हवा खेळेल इतक्या अंतराने उभ्या करा. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला फिरवा. दीड ते तीन महिने लागतात, भरीव माणग्याला जास्तच.

तपासणी: हातभर लांबीचा एक तुकडा त्याच ठिकाणी सुकत ठेवा आणि दर आठवड्याला काट्यावर वजन करा. सलग दोन-तीन वेळा वजन तेवढेच भरले की बांबू कामाला तयार.

टप्पा ८: पावसाळी मांडव बांधणे

चतुर्थीला दोडकी, काकडी, पडवळ घरचे हवे असेल तर मेअखेर मांडव उभा हवा. वेल चढू लागल्यावर खांब ठोकले तर मुळे दुखावतात.

खांब साडेसात फूट घ्या. खालचे टोक गाठीच्या लगेच खाली कापा, म्हणजे तळ बंद राहतो. वरचे टोक गाठीच्या लगेच वर, म्हणजे पाणी आत उतरत नाही. दोन खांबांत सहा फुटांहून जास्त अंतर नको. खड्डा दीड फूट खोल असावा. तळाला मूठ-दोन मूठ खडी टाका, खांब उभा करा, भोवती माती-खडी पहारीने ठासून बसवा आणि बुंध्याशी मातीचा उंचवटा करा. खांबाशी पाणी तुंबता कामा नये.

बांबू सर्वांत आधी जमिनीलगत कुजतो. मातीत रोवलेला बांबू साधारण एक ते तीन वर्षे टिकतो, तोच छपराखाली चार ते सात. म्हणून मातीत जाणारा भाग आणि त्यावरचा वीतभर आचेवर फिरवून तपकिरी करा. काजूच्या टरफलाचे तेल मिळाले तर त्याचे दोन हात द्या. ते कातडी भाजते, म्हणून हातमोजे घालून ब्रशनेच लावा. गाडीचे जळके ऑइल भाजीच्या मांडवाला लावू नका. ते मातीत उतरते आणि तीच भाजी आपण खातो.

कायमचा मांडव किंवा पडवीचे खांब असतील तर मातीत रोवूच नका. चिऱ्याच्या किंवा काँक्रीटच्या उंच पायात लोखंडी सळई बसवा. ती खांबाच्या तळाच्या पेरात शिरवून तेवढेच पेर सिमेंट-वाळूने भरा. पागोळ्यांचे उडणारे पाणी लागू नये म्हणून बांबूचे टोक जमिनीपासून फूटभर वर राहू द्या. काँक्रीटमध्ये गाडलेला बांबू आधी पाणी पिऊन फुगतो, मग आकसून सैल होतो आणि आतल्या आत कुजतो.

आडव्या काठ्यांसाठी खांबाच्या माथ्यावर अर्धगोल खाच काढा, खाचेखाली दोन बोटांवर गाठ यायला हवी. खिळा ठोकू नका, बांबू उभा फाटतो. बोल्ट हवा असेल तर आधी ड्रिलने भोक पाडा आणि तेही गाठीजवळ.

माझ्या मते बांधायला सुंभच उत्तम. तार कालांतराने बांबूत रुतते आणि नायलॉन घसरतो. सुंभ आधी भिजवून घ्या, सुकताना तो आवळतो. खांबाला आडव्या काठीच्या खाली पहिली गाठ मारा. मग एका कर्णाने तीन फेरे, दुसऱ्या कर्णाने तीन फेरे. शेवटी दोन काठ्यांच्या मधून, आधीच्या फेऱ्यांभोवती दोन फेरे जोर लावून ओढा. सगळा बांध या शेवटच्या दोन फेऱ्यांवर असतो आणि नेमके तेच लोक गाळतात.

चारही कोपऱ्यांना तिरपे टेकू हवेत. भिजलेला वेल जड असतो आणि वारा त्याला आडवा रेटतो. टेकू नसेल तर खांब कितीही खोल असला तरी मांडव झुकतो. माथ्यावर फूट-दीड फुटाच्या चौकटीत कांबटी बांधा.

तपासणी: कोपऱ्याचा खांब दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. मांडव एकसंध हलला तर ठीक. एखादाच सांधा कुरकुरला तर तो बांध सोडून पुन्हा बांधा.

टप्पा ९: उरलेल्या काठ्या

पन्हळीसाठी कळक मधोमध चिरून आतले पडदे छिन्नीने साफ काढा, कडेला राहिलेला थोडासा पडदाही पाचोळा अडवतो. दहा मीटरला दहा सेंटीमीटर उतार पुरतो. जोडताना वरच्या पन्हळीचे तोंड खालच्या पन्हळीत हातभर आत घ्या.

शिडीला माणगा, तोही बिनभेगेचा. दर मोसमात चढण्याआधी प्रत्येक पायरीवर जमिनीलगत उभे राहून भार देऊन पाहा.

आकडीच्या बाबतीत एकच सांगणे आणि ते घरातल्या सगळ्यांना सांगा. विजेच्या तारांजवळच्या झाडाला आकडी लावू नका. बांबूला वीज लागत नाही हा समज जीवघेणा आहे, ओल्या बांबूतून ती वाहते.

टप्पा १०: पाऊस संपल्यावर

दसऱ्याच्या सुमारास वेल काढून मांडव उघडा करा. प्रत्येक खांबाच्या बुंध्याची माती वीतभर उकरून स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. आत रुतला तर तो खांब काढा आणि कुजलेला भाग कापून उरलेली काठी आडव्या कामाला वापरा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी चढते आहे, नळ्या खरवडून काढा आणि बुंध्याशी साठलेला पालापाचोळा हटवा. भुकटी गळणारी काठी बाकीच्यांपासून वेगळी करून चुलीत घाला.

त्याच आठवड्यात बेटाकडेही जा. पावसात काढलेल्या किल्लांनंतर, म्हणजे खायच्या कोवळ्या कोंबांनंतर, किती कोंब काठी होऊन वाढले ते मोजा. खाण्यासाठी कोंब काढताना निम्म्याहून जास्त काढू नका, आणि ते कच्चे खाऊ नका. चिरून, पाण्यात ठेवून, उकळून ते पाणी फेकल्याशिवाय त्यातले विषारी द्रव्य जात नाही. मग नव्या काठ्यांवर यंदाच्या रंगाचा पट्टा मारा आणि पुढच्या जूनसाठी मार्गशीर्षात तोडायच्या काठ्यांवर खडूने खूण करून ठेवा.